अमीनाच्या आईचा माठ

७ जानेवारी १९७३
आजपासून बालसाहित्यिक. रोज चार पानं, काही झालं तरी. एडनमध्ये लहानाचा मोठा झालेला लेखक शिरूर तालुक्यात दुसरा नाही. वडील तिथं गोऱ्यांच्या मेसमध्ये कुक होते. परदेशातलं बालपण, हेच भांडवल.
आई दुष्काळी कामावरून खडी फोडून आली. म्हणाली, बाकी कायबी लिव्ह, पण अमीनाच्या आईच्या माठाचं लिव्ह. एडनमधल्या त्या शेजारणीनं जातबित न विचारता आपल्या पेल्यानं आईला पाणी दिलं होतं. जन्मात पयल्यांदा, म्हणते. इथं गावच्या विहिरीवर आम्हाला अजून पाणी वरून ओततात.

९ जानेवारी
लिहायला बसणार, तर दौंडला जाणारा ट्रक दिसला. लेखकानं हिंडलं पाहिजे. स्टेशनवर भजी खाल्ली, इंजिनं बघितली. लेखन शून्य, अनुभव भरपूर.

२० जानेवारी
गोष्ट झाली, एका बैठकीत. मारुतराव गुरुजी सव्वीस तारखेला शाळेत वाचू देणार. म्हणाले, झ्याक लिवलंस मच्छिंद्रा, पण माठ काढ. सरपंच म्होरं बसणार, उगा पाण्यावरनं वाद कशाला? उंट घाल, पोरं खूश.
मी ठणकावलं, माठ राहणार. मनात.

२२ जानेवारी
माठ काढला. कलेच्या दृष्टीनं जडच होता. उंट फर्मास जमलाय. पुढं पुस्तक निघेल त्यात माठ परत घालीन. आईला सांगायची घाई नाही.

२५ जानेवारी
आई उद्या खाडा करणार. माठाचं ऐकायचंय म्हणते. म्हटलं, गर्दी असेल, उशिरा ये. हसली. म्हणाली, व्हय लेखकसाहेब.

२६ जानेवारी, संध्याकाळ
उंटाला टाळ्या. सरपंचसुद्धा हसले. वाचन यशस्वीच म्हणायचं. मग पुढं बसलेली एक पोरगी उठली, म्हणाली, उंटाला पाणी लागत न्हाई, पण तुमाला तहान लागली की कोण द्यायचं, शेजारचे द्यायचे का? गुरुजी माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, छे, आम्ही आपलं घरचंच प्यायचो.
असल्या प्रश्नांनी गोष्टीतला रस जातो. पोरांना शिस्त नाही.
आई मागं दाराशी उभी होती. कधी आली कळलं नाही.
घरी आल्यावर तिनं तांब्या भरून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, पी. घरचंच हाय.