तुळसाला शोभेलसं वाद्य

लालबाग, ता. २ जून १८९५
निश्चय केला. तुळसा आठ वर्षांची झाली, तिला वाद्य शिकवायचं. चाळीत मुलीच्या हाती वाद्य देणारा पहिला बाप मीच. लोक बोलतील. बोलोत. वाद्य मी निवडणार आणि रोज शेजारी बसून टाळावर ताल मीच धरणार. गिरणीत टाइमकीपर आहे, आठशे माणसांना वेळेवर आणतो. एका पोरीचं काय कठीण?

ता. ९ जून
गिरगावातून हातपेटी आणली. गिरणीतल्या हेडक्लार्ककडेही आहे, पण आमची मोठी. तुळसाने मृदंग मागितला होता. शेजारचा विणकर लहू चाळीच्या भजनात वाजवतो, त्याच्याकडे जाऊन बसते. मुलीला मृदंग! सुधारणेलाही मर्यादा असते.

ता. २३ जून
पेटी डिफेक्टिव्ह. सूर माझ्या टाळाच्या कधी पुढे, कधी मागे. दुकानदाराने वाजवून पाहिली, म्हणाला पेटीत खोट नाही. त्याला ऐकू कमी येत असावं. बदलून फिडल आणलं. साहेब लोकांची मुलं हेच शिकतात.

ता. ७ जुलै
फिडल वाईट. तेच रडगाणं. आज जरा ओरडलो. तुळसा रडली. वाईट वाटलं, पण शिस्त हवी. उद्यापासून ओरडायचं नाही.

ता. ८ जुलै
ओरडलो. काशीबाईने, म्हणजे आमच्या मंडळींनी, तुळसाला आत नेऊन बराच वेळ समजावलं. काय ते विचारलं नाही. फिडल परत करणार. सतार पाहून ठेवली आहे.

ता. १४ जुलै
चमत्कार! सतारीवर पहिल्याच दिवशी तुळसा माझ्या टाळाबरहुकूम. मी थांबलो की थांबते, धावलो की धावते. वाद्य अचूक निवडलं की असं होतं. या विषयावर एक छोटं पुस्तक लिहावं.

ता. २४ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
कोकणात गावी जायला रजा नाही म्हणून यंदा गणपती चाळीतच. यजमान म्हणून आरतीला झांजा माझ्या हाती. नंतर तुळसाची सतार, माझा टाळ. सगळे भारावून खाली पाहत होते. लहूने मृदंग मध्येच खाली ठेवला. मत्सर, दुसरं काय. काशीबाई मोदकांचं निमित्त करून आत गेली ती बाहेरच आली नाही.

ता. २६ ऑगस्ट
गिरणीतून यायला उशीर झाला. लहूच्या खोलीत भजन रंगलं होतं. गॅलरीतूनच पाहिलं. मृदंगावर तुळसा! वीसेक माणसं एका तालात डोलत होती, चाळीतल्या म्हाताऱ्या तुकारामचीसुद्धा मांडी हलत होती. काशीबाई टाळ्या वाजवत हसत होती. ती अशी हसते हे मी विसरलो होतो. माझ्या टाळाबरोबर कोणाची मांडी हललेली आठवेना.

आत गेलो. लहू उठला. “या, भाऊ,” म्हणत त्याने मानाने टाळ माझ्या हाती दिला. मी धरला. तुळसाने माझ्या हाताकडे पाहिलं आणि मृदंग अडखळला. भजन कोलमडलं. वर कोणी पाहिलं नाही.

रात्री नऊ.
तुळसाला विचारलं, माझ्या हाताकडे का पाहतेस? ती म्हणाली, “आयेन सांगितल्यान, तुमी टाळ धरलात की तुमच्या हाताकडे बघून वाजवूचा. नायतर तुमका वायट वाटता.”

लाज वाटली. दीड महिना आठ वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती आणि मी पुस्तक लिहायला निघालो होतो. चाळीला सगळं ठाऊक होतं. टाळ काशीबाईकडे दिला. तुळसाला म्हटलं, सतार परत करू, उद्यापासून मृदंगच वाजव, लहू ताल धरील.

तिला आनंद झाला. मग थांबली, माझ्याकडे बघून म्हणाली, “मगे तुमी खंय बसतलात?”

कुठे बसणार? समोर, म्हटलं, सगळ्यांबरोबर, दोन्ही हात मांडीखाली घालून.