जनजागृतीचा अभाव

७ जुलै, सोमवार
आजपासून डायरी. फक्त स्वतःसाठी. मोठी कामं सुरू होताना तारखा लिहून ठेवलेल्या बऱ्या.

विद्यापीठात आज आरोग्य धोरण अभ्यासगट स्थापन. समन्वयक मी, हिमांशू (लोकप्रशासन, पीएच.डी., सातवं वर्ष). सदस्य तीन: नर्सिंगची वैदेही, स्टॅटिस्टिक्सचा सत्यम, समाजकार्याची मोनिका. माझे गाईड राजेंद्र सर म्हणाले, सहा सप्टेंबरच्या परिषदेत सादर करा, चांगलं झालं तर अहवाल जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवू. हा माझा चान्स. सरांना माझ्या थिसिसचा विषय आठवत नाही. निदान माणूस आठवेल.

विषय: गंगापूरकडच्या बायका बीपीच्या गोळ्या मध्येच का सोडतात? उत्तर मला माहीत आहे. जनजागृतीचा अभाव. तरी सर्व्हे करू. सत्यमचं म्हणणं, उत्तर आधी ठरवून सर्व्हे करत नसतात. मी ते मिनिट्समध्ये घेतलं नाही.

१० जुलै, गुरुवार
नियम केला. गटाचा एकही कागद समन्वयकाच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही. मोनिकानं विचारलं, वाचून सही करणार का? अशा शंकांमुळेच कामं रखडतात.

१५ जुलै, मंगळवार
वैदेहीनं बीपी मोजायला शिकवलं. डेमोसाठी मी हात पुढे केला. लीडरनं पुढे व्हायचं असतं. १५८/१०२. मशीन बिघडलेलं. दुसरं आणलं, १६०/१००. तेही बिघडलेलं. वैदेही म्हणाली, दादा, दवाखान्यात दाखवा. उद्या.

२१ जुलै, सोमवार
उद्या आज उजाडला. विद्यापीठाचा दवाखाना डिपार्टमेंटपासून चालत सात मिनिटं. डॉक्टरांना मिठाच्या धोरणावर वीस मिनिटं माहिती दिली. त्यांनी रोज एक गोळी आणि पंधरा दिवसांनी परत या असं सांगितलं. घरी आईला बोललो नाही. उगाच काळजी करेल आणि लोणचं बंद.

२८ जुलै, सोमवार
चार गोळ्या घेतल्या. एकदम फ्रेश वाटतंय. आधीही फ्रेशच वाटायचं, पण आता जास्त. बरं वाटत असताना औषध घेणं शास्त्रीय नाही. थांबवलं. वैदेहीनं विचारलं तेव्हा तिलाही हेच समजावलं.

५ ऑगस्ट, मंगळवार
फील्ड व्हिजिट. गंगापूरपर्यंत एसटी, पुढे जीपमध्ये चौदा जण. माझी प्रश्नावली: चौऱ्याऐंशी प्रश्न.

पहिल्या आवडाबाई, साठीच्या. मी वहीत हृदयाचं चित्र काढून रक्तदाब समजावला. अर्धा तास. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "ते समदं म्हाईत हाय, साहेब. गोळीवाली ताई अकराला येती. आमी नऊलाच खुरपायला जातो. मंग गोळी घ्यायची कुणी, म्हशीनं?"

मी नोंद केली: उत्तरदाती विषयापासून भरकटते. जागृती शून्य.

बाकीचे तिघं बायकांच्या मागं वावरात गेले. चिखल लई होता. मी जीपमध्ये बसून निष्कर्ष लिहून काढला.

२० ऑगस्ट, बुधवार
वैदेहीची ड्यूटी असते त्या दवाखान्यातून फोन, परत या म्हणून. तिसरा. मीटिंगमध्ये आहे म्हणालो. होतोही, एकटाच. जनजागृती रथाचं डिझाइन चालू आहे. छोटा हत्ती टेम्पो, वर भोंगा, दोन्ही बाजूंना माझा कोट.

वैदेहीनं सहीसाठी सात कागद आणले. एक पुढे करून म्हणाली, दादा, हा तरी वाचा, तुमच्याबद्दलचा आहे. माझ्याबद्दल काय लिहिलं असणार ते मला माहीत आहे. सही केली.

१ सप्टेंबर, सोमवार
माझ्या स्लाइड्स एकशे बेचाळीस. सर म्हणाले, वेळ पंधरा मिनिटं आणि चौघांनीही बोलायचं. माझ्या वाट्याला चार. असो. रथाला चार मिनिटं पुरतात.

६ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळ
हॉल भरलेला. पहिल्या रांगेत सर आणि जिल्ह्याचे अधिकारी. सुरुवात मी केली. लोकांना कळत नाही म्हणून लोक गोळ्या सोडतात, आणि त्यावर उपाय रथ. टाळ्या बऱ्यापैकी.

मग सत्यम उठला. गोळ्या सोडलेल्या त्रेसष्ट बायका, त्यातल्या अठ्ठावन्न जणींना आजाराची पूर्ण माहिती. मोनिकानं वावरातल्या वेळा दाखवल्या.

मग वैदेही. माहिती असूनही गोळी सोडली जाते याचं शहरातलं एक उदाहरण, लेखी संमतीनं आणि नाव न देता. पुरुष, वय चौतीस, पीएच.डी. चालू. चार गोळ्या घेऊन बंद. तीन फोन आले, गेला नाही. मी शेजारच्यांना हळूच म्हणालो, काय बेजबाबदार माणूस आहे. दवाखाना चालत सात मिनिटं, वैदेही सांगत होती, आणि अभ्यासाचा विषय आरोग्य धोरण.

पहिल्या रांगेतून सर मागं वळले. सरांना मी आठवलो होतो.

अधिकाऱ्यांनी गोळ्यांची वेळ सकाळी सात ते नऊ करून बघायचं तिथंच कबूल केलं. रथाबद्दल कुणी बोललं नाही. बाहेर सर म्हणाले, "समन्वयक आता वैदेही. तू आधी दवाखान्यात जा."

लाज वाटली. वैदेहीचा राग येईना, हे आणखी वाईट. माझ्या वडिलांना, तात्यांना, बीपीमुळे पन्नाशीत अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्यांचा डावा हात चालत नाही. मशीनं बिघडलेली नव्हती हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. भीती वाटली, एवढंच.

१६ सप्टेंबर, मंगळवार, सकाळ
नवीन समन्वयकांनी मला काम दिलंय. रोज सकाळी बारा बायकांना फोन करायचा, गोळी मिळाली का, घेतली का विचारायचं. पीएच.डी.च्या सातव्या वर्षी हे काम. पण करतोय.

आवडाबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. साडेसातला मिळाली, तिथंच घेतली, आता खुरपायला निघाल्यात. मी फोन ठेवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आन् तुमी घेतली का?"

वैदेहीनं गावात काय काय सांगून ठेवलंय कुणास ठाऊक.

घेतली, म्हणालो. फोन ठेवला आणि घेतली.