कापणीच्या खोलीतली टकटक

ता. ४ मार्च

चि. बटणास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आजाराने अधू झालेला हात सुधारतोय. व्यायाम शिकवणारी बाई म्हणते, नजर आणि हात एकत्र चालतील असं काहीतरी रोज करा. तिनेच नेमबाजी सुचवली. मी हसले, पण मग दुकानात जाऊन आले. प्लास्टिकच्या छर्‍यांची एअरसॉफ्ट रायफल म्हणे. एक बॅटरीची, एक गॅसची, एक साधी स्प्रिंगची. दुकानदार महागडीच पुढे सरकवत होता. तू घड्याळजी, तुझा जन्म स्प्रिंगांत गेला. तूच सांग, कुठली घेऊ?

मास्तर गेल्यापासून घर फार गप्प झालंय. पत्राला उशीर लावू नकोस.

तुझी, ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझी भावजय म्हणाली, आता वन्संशी जपून बोलायला हवं!

डोळे झाकून स्प्रिंगची घे. नवशिक्याला तीच बरी. स्वस्त, बिघडायला आत फारसं काही नाही, आणि दर गोळीला दट्ट्या हाताने मागे ओढावा लागतो, म्हणजे मनगटाला आपोआप व्यायाम. छर्रे हलके घे. डोळ्यांवर जाड चष्मा लावल्याशिवाय हात लावायचा नाही. नळीत डोकावायचं नाही, रिकामी असली तरी. निशाणामागे गोधडी टांग, म्हणजे छर्रे उलटून येणार नाहीत.

आणि मेहुणे गेल्यावर एकटीला करमत नसेल तर सरळ इकडे निघून ये. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा, बटण

ता. २ एप्रिल

चि. बटणास अ. आ.

रायफल आणली. पहिले छर्रे पंख्याला लागले, पुढचे कुठे गेले देव जाणे. शिवणखोलीच्या टोकाला मास्तर कपडे बेतायचे त्या कापणीच्या खोलीचं दार आहे ना, ते गेल्यापासून कुलूपबंद, त्यावर गोधडी आणि निशाण लावलंय.

आता हसू नकोस. परवा पहिल्यांदा छर्रा बरोबर मधोमध लागला, आणि दाराआडून टक्‌ असा आवाज आला. एकच. नेम चुकला की काही नाही, बसला की टक्‌.

तुला आठवत असेल, मास्तरांनी तोंडाने कधी शाबासकी दिली नाही. माझी शिवण सरळ आली की कात्रीची मूठ टेबलावर एकदा आपटायचे. तोच आवाज आहे. अंगावर काटा येतो, आणि तरी मी पुन्हा दट्ट्या ओढते.

ताई

ता. २१ एप्रिल

चि. बटणास अ. आ.

तू येऊन गेलास, बरं वाटलं. कुलूप काढून तू खोली पाहिलीस, धुळीवर बोटही उमटलेलं नव्हतं, आणि तरी तू उंदीर म्हणालास. मी वाद घातला नाही.

तू गेल्यावर एका सकाळी मीच दार उघडून आत गेले. टेबल पुसलं, कापड पसरलं, मास्तरांची कात्री उचलली. आजारानंतर पहिल्यांदा कापड सरळ कापलं गेलं, बटणा. आता आवाज येत नाही. नेम बसला तरी नाही. ते निघून गेले असं वाटतं. मी खूप रडले.

रायफल तुला पाठवते आहे. इथे असताना तुझा हात तिच्यावरून निघत नव्हता!

ताई

ता. ६ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

उंदीर म्हणालो ते मागे घेतो. दुकानाच्या मागच्या भिंतीवर निशाण लावलं. पहिल्याच दिवशी भिंतीतून टकटक आली. वाटलं, मास्तर माझ्याकडे आले. पण इथे नेम चुकला तरी वाजतं, आणि दोनदा वाजतं. आता तर रायफल कोपर्‍यात ठेवून घड्याळ उघडलं तरी वाजतं. ताई, माझं दुकान दुसर्‍या मजल्यावर आहे. त्या भिंतीपलीकडे नुसती हवा आहे.

मास्तर तुला कधी असं दोनदा वाजवायचे का? लगेच कळव. घरात काही सांगितलेलं नाही.

बटण

ता. ११ मे

चि. सौ. भावजयीस अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा दुपारी सुखरूप पोचला, काळजी सोड. त्याने तुला सांगितलं नाही, पण दुकानाच्या भिंतीतून त्याला दोन-दोनदा टकटक ऐकू येत होती. मीच त्याला तार केली होती, की मास्तर दोनदा कधीच वाजवत नसत, हातातलं टाकून नीघ. रायफल दुकानातच राहिली. कुलूप लावून जिना उतरताना आवाज त्याच्यामागून पायरी-पायरीने खाली आला, म्हणतो. रस्त्यावर आल्यावर थांबला. आता तो कापणीच्या खोलीत झोपलाय. मास्तरांच्या त्या खोलीत दुसरं कोणी शिरणार नाही, ही माझी खात्री.

हे पत्र मिळताच तू मुलांना घेऊन उजेडी इकडे ये. दुकानाकडे फिरकू नकोस. आणि निघेपर्यंत घराचं दार वाजलं तर एकदम उघडू नकोस. आधी आतून विचार, कोण आहे. माणूस असेल तर नाव सांगेल.

वाट पाहणारी,
तुझी वन्सं