राऊटरला लावलेली शिस्त

सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी नियमित. (मागची नोंद फेब्रुवारीतली. ती धरायची नाही.)
रविवारी पाचला सोसायटीची ऑनलाइन सभा. सचिवपदाला उमेदवार दोनच: मी आणि समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर. ते गोड बोलतात. मी काम करते. माझा मुद्दा ठरला: सुरक्षा. प्रत्येक घरचा वायफाय कुलूपबंद! लेक फोनवर म्हणाली, आपल्याच राऊटरला पासवर्ड नाही. म्हणजे कुणीही यावं आणि नेट वापरून जावं? फुकटे! तीस वर्षं मुख्याध्यापिका होते. बंदोबस्त मला शिकवायला नको.

मंगळवार. दुपारी.
राऊटर उलटा केला. खालच्या कागदावर सेटिंगमध्ये शिरायचं नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'. असला गलथानपणा मी पाचवीतही खपवून घेतला नसता. कॉलेजात भौतिकशास्त्र होतं. लहरींशी जुनी ओळख आहे. ह्यांच्या लॅपटॉपवरून तासाभरात सगळं बदललं. नेटवर्कचं नावसुद्धा लपवलं. हे मागे उभे राहून, "अगं, पासवर्ड कुठेतरी लिहून ठेव." पासवर्ड लिहायचा नसतो, पाठ करायचा असतो. बावीस अक्षरं, तीन आकडे, एक उद्गारचिन्ह.

संध्याकाळी.
ह्यांचा लॅपटॉप बंद. फोनवर नेट नाही. टीव्हीवर नुसतं चक्र फिरतंय. माझा टॅब मात्र झकास! तीन वर्षांपूर्वी लेकीने आणून जोडून दिला, तेव्हापासून एक तक्रार नाही. नेटच्या खुणेपाशी 'स्माइल' असं येतं. यंत्राने मला हसायला सांगावं हे आवडत नाही, पण चालवून घेते. निष्कर्ष: सुरक्षा कडक, आणि मालकीण कोण हे राऊटरला कळलंय.

बुधवार.
ह्यांना पासवर्ड सांगितला. लागला नाही. उद्गारचिन्ह आधी की नंतर, यावर मतभेद. (माझे माझ्याशीच.) हे म्हणाले, "निदान बातम्या तरी बघू दे." म्हटलं, पेपर वाचा.

गुरुवार.
हे दुपारी दोन तास समोर डॉक्टरांकडे. म्हणे दात ठणकतोय. ह्यांची कवळी आहे.
लिफ्टपाशी डॉक्टर भेटले. विचारलं, वायफायला कुलूप आहे? म्हणाले, "नाही हो बाई, कोण चोरणार? आणि चोरलं तर चोरलं!" अर्धा तास उभं करून समजावलं. शेवटी कबूल झाले. "रविवारी लावतो, बाई. आणि पासवर्ड कुणाला सांगणार नाही, शब्द देतो."
विरोधकच माझा जाहीरनामा राबवतोय! निवडून आल्यातच जमा.

शनिवार.
भाषण पाठ. 'ज्याला घरचा राऊटर सांभाळता येत नाही, तो सोसायटी काय सांभाळणार?' इथे थांबायचं. टाळ्यांसाठी.

रविवार. ४.४०.
टॅब बंद! 'स्माइल' गायब! कुणीतरी राऊटर हॅक केलाय. पण त्याचे दिवे तर सगळे हिरवे.

४.४८.
हे म्हणाले, "अगं, 'स्माइल' डॉक्टरांचं नेट आहे. मी तिथे रोज तेच वापरायला जातो. आत्ता त्यांनी पासवर्ड लावला. म्हणजे तू तीन वर्षं..." त्यांना गप्प बसवलं.

४.५५.
समोर गेले. डॉक्टर बिचारे ओशाळले. "बाई, पासवर्ड कसा सांगू? तुम्हाला शब्द दिलाय." चेष्टा करत नव्हते. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी ७.
भाषण झालं. डॉक्टरांच्या लॅपटॉपवर, डॉक्टरांच्या सोफ्यावर, डॉक्टरांना खेटून. फुकट्यांविषयीचा परिच्छेद वगळला. टाळ्यांसाठी थांबले तेव्हा ते एकटेच वाजवत होते.
डॉक्टर एकतीस, मी दोन. एक मत माझं. दुसरं ह्यांचं समजून घरी येऊन आभार मानले. हे छताकडे बघायला लागले. ते दुसरं मत डॉक्टरांचं होतं.
राऊटरच्या मागे बारीक भोक आहे. त्यात अणकुचीदार काही खुपसून दाबलं की सगळं होतं तसं होतं म्हणे. घरात टाचणी सापडत नाही.
डॉक्टरांकडे तसलं काही असेलच. ह्यांना समोर पाठवलंय. तास झाला, अजून आले नाहीत.