बाबांचा ओळंबा

रविवार, संध्याकाळ

आज बाबांना चिकलठाण्याला नेलं, आमच्या नव्या घराचं बांधकाम दाखवायला. अर्धांगवायू झाल्यापासून ते नुसतं 'हं' म्हणतात. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. न्यावं की नको, सकाळपासून ठरत नव्हतं.

लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन कामावर जायचे. जेवता जेवता ते शब्द शिकवायचे. घर ज्यावर उभं राहतं ते जोतं. कोपरा काटकोनात आहे का, ते गुण्या सांगतो. दोरीला लोंबणारं वजन म्हणजे ओळंबा. भिंत जराशी झुकली तरी तो दाखवतो. वर्गात हे शब्द कुणालाच ठाऊक नसायचे, मी लई मिरवायचे.

आज मिस्त्रीनं भिंतीला ओळंबा लावला. मी विचारलं, "बाबा, ह्याला काय म्हणायचं?"

त्यांचे ओठ हलले. मीच सांगून टाकावं का? नाही सांगितलं. थांबले.

"ओ... ओळंबा."

"व्हय काका, बरोबर!" मिस्त्री म्हणाला. मला रडूच आलं. बाबांनी चांगला हात भिंतीवरून फिरवला. "सरळ हाय."

परत येताना रिक्षातूनच आईला फोन लावला, त्यांच्या कानाशी धरला.

"भिंत... सरळ हाय," त्यांनी तिलाही सांगितलं.