चार ओळी

दि. ९ मार्च

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, एक जागतिक संकट सोडून. ऑफिसात माझा कप कोणीतरी वापरतं आणि न विसळता ठेवतं. मी कपाटावर निषेधाची चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवरच चहाचा गोल डाग.

आईचा गुडघा बरा आहे. परवा विचारत होती, "ती अजून फुकटच वाटून टाकते का रे सगळं?" हे वाक्य तिने माझ्याकडून उचललंय. मुलांच्या वजनावरून औषधाची मात्रा काढणारा तुझा प्रोग्रॅम तू सर्वांना खुला केलास, तेव्हा जेवताना मी म्हणालो होतो, "सुतार कधी खुर्च्या रस्त्यात ठेवून येतो का? मग प्रोग्रॅमरनेच का?" तू म्हणालीस, "दादा, सक्ती नाहीच. पण माझी खुर्ची नेलीस आणि पाय मोडका निघाला, तर सांगशील ना?" मी पाणी मागितलं होतं.

तर, खुर्ची मी नेली. इस्पितळांना आम्ही विकतो त्या प्रोग्रॅममध्ये तुझाच घातला आणि वरची तुझ्या नावाची ओळ काढली. साहेबांनी पाठ थोपटली, मी थोपटू दिली.

आणि पाय मोडका आहे. वजनाचा रकाना रिकामा राहिला, की प्रोग्रॅम अडत नाही, आधीच्या मुलाचं वजन धरतो. म्हणजे तान्ह्या बाळाला दहा वर्षांच्या मुलाची मात्रा. तीन आठवड्यांपूर्वी सापडलं. आमच्याकडे चार ओळींत दुरुस्त केलं. तुला कळवलं असतं, तर कुठे सापडलं हेही सांगावं लागलं असतं. साहेब म्हणाले, "आपल्या घरची वस्तू बाहेर कशाला?" आपल्या घरची म्हणे. मी मान डोलावली.

तुझा प्रोग्रॅम किती लहान दवाखान्यांत चालतो, ठाऊक नाही. रोज पेपर मागच्या पानापासून उघडतो. अजून काही वाचनात आलं नाही. पण असल्या गोष्टी पेपरात येतातच, असं कुठे आहे?

फोनच करणार होतो. पण तू "बोल दादा" म्हणालीस, की मी कपाचीच गोष्ट सांगितली असती.

त्या चार ओळी आत्ताच तुझ्या प्रोग्रॅमच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकल्या आहेत, माझ्या नावानिशी, कंपनीच्या नावासकट. आधी त्या घे, दवाखान्यांना कळव. रागव नंतर. आमच्याकडे तुझ्या नावाची ओळ होती तिथे परत बसवली आहे. साहेबांना उद्या दिसेल.

तुझा कप उशिरा विसळणारा,
दादा