उजव्या बाजूचा पत्रा

३ फेब्रुवारी
या जुन्या गाडीचं, या हातांनी केलेलं: पुढचा तळ, दोन तुकड्यांत. डिकीचा तळ. मागच्या चाकांवरच्या कमानी — डावी चारदा ठोकून. दिव्यांची कडी. बिजागऱ्यांच्या पिना. कोणाकडे शिकलो नाही, कोणाला विचारलं नाही.

उरल्या दारांखालच्या दोन पोकळ पट्ट्या. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. त्या झाल्या की गाडी विकायची, भाड्याच्या शेडला रामराम ठोकायचा आणि स्वतःची बांधायची. बायको म्हणते, मग तिथेच खाट टाका.

६ फेब्रुवारी
डावी पट्टी कापली. नुसता भुगा! बोट आरपार.

७ फेब्रुवारी
दार लागत नाही. गाडी मधोमध चार मिलिमीटर खचली. कापण्याआधी चौकटीला आधार द्यायचा असतो — सुचलंच नाही मला. शेजारचा वेल्डर डोकावून गेला. ‘मास्तर, कंबरडं मोडलंत की तिचं.’

जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी
सतरा वेळा माप घेतलं. दर वेळी चारच मिलिमीटर.

११ फेब्रुवारी
उजवी पट्टी उघडली.

कुणीतरी आधीच दुरुस्त केलेली! निदान चाळीस वर्षांपूर्वी. सांध्यावरून नख फिरवलं, कुठे अडत नाही. आत, जिथे कोणी कधी बघणार नाही, तिथेही घासून सपाट. वर रंगाचे तीन हात.

वेल्डरला बोलावलं. दिवा धरून त्यानं सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग म्हणाला, हे गॅस वेल्डिंगचं काम. बोटभर जोडायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा बोटभर. ‘याला घरी कोणी जेवायला बोलावत नव्हतं बहुतेक.’

१२ फेब्रुवारी
उजव्या दाराच्या दोन्ही खांबांवर, अस्तराखाली, समोरासमोर वेल्डिंगचे दोन जुने डाग. त्या जुन्या कारागिरानं कापण्याआधी आधाराला आडवी कांब जोडली होती! काम झाल्यावर काढून टाकली. उभा राहून बघत राहिलो. काय माणूस असेल.

डावीकडे जॅक लावला. दिवसाला अर्धा मिलिमीटर, जास्त नाही. माप जमलं की तशीच कांब.

२० फेब्रुवारी
दार लागलं! एका बोटानं. बायकोला दहादा लावून दाखवलं. ती म्हणाली, आता आत बसू तरी द्या.

९ मार्च
डावी पट्टी पुरी. बोटभर, थंड, बोटभर. तरी नख दोन ठिकाणी अडतं. किंचित.

उजवीला काही केलं नाही. फक्त बंद केली. दुसऱ्याचं काम आजवर मी तसंच ठेवलं नव्हतं.

१४ मार्च
जुन्या गाड्या जमवणारं गिऱ्हाईक आलं. गाडी पसंत. अट एकच: सगळं काम माझ्या एकट्याच्या हातचं, असं सहीनिशी लिहून द्यायचं. नाहीतर नको. उजवी पट्टी बंद आहे, कोण उघडून बघणार! बायको माझ्याकडे बघत होती.

सही केली नाही. अठरा लाख गेले.